सिंक होतंय, थांबा! कोटेशन आणि ईआरपी जोडायला निघालेल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! कंपनीने तुम्हाला ‘इंटिग्रेशन प्रोजेक्ट’चं प्रमुख नेमलं आहे. याचा अर्थ त्या बैठकीला तुम्ही उशिरा पोचलात आणि तोवर बाकी सगळ्यांचे कानावर हात ठेवून झाले होते. हरकत नाही. अनुभव नसणं ही या कामातली मोठी पात्रता आहे. ज्यांना अनुभव आहे ते त्या दिवशी रजेवर होते.

तुमची कंपनी पंप बनवते असं धरू. भोसरीत, शिरोलीत की सातपूरला, याने फारसा फरक पडत नाही. सेल्सकडे धाकट्या साहेबांनी प्रदर्शनातून पसंत करून आणलेलं कोटेशनचं सॉफ्टवेअर आहे. पंप निवडा, पर्याय निवडा, किंमत बघा, पीडीएफ पाठवा. धंद्यात याला सीपीक्यू म्हणतात. मागच्या बाजूला ईआरपी आहे. स्टॉक, बीओएम (म्हणजे कुठल्या पंपाला काय काय लागतं त्याची यादी), पर्चेस, प्रॉडक्शन, बिलिंग सगळं तिच्यात. या दोघांच्या मधे आहे एक एक्सेल शीट आणि ती चालवणारी बॅक ऑफिसमधली एक ताई. ताई गणपतीला कोकणात गेली आणि चार दिवस एकही ऑर्डर बुक झाली नाही, तेव्हा मोठ्या साहेबांना ताई काय करते हे पहिल्यांदा कळलं. त्यांनी ताईचा पगार वाढवण्याऐवजी प्रकल्प मंजूर केला.

आपलं ध्येय स्पष्ट ठेवा. दोन्ही सॉफ्टवेअर जोडली गेली पाहिजेत, सादरीकरणात हिरवे बाण दिसले पाहिजेत आणि कोणाच्याही कामात काडीचाही बदल होता कामा नये. खालील पायऱ्या क्रमाने पाळल्यात तर हे अगदी सहज जमतं.

पायरी १: आधी सॉफ्टवेअर घ्या, अडचण मागाहून शोधा

विक्रेत्याला डेमोला बोलवा. डेमोतल्या पंपाला तीन पर्याय असतात, गिऱ्हाईक एकच असतं आणि त्याने उधारी कधीच थकवलेली नसते. बटण दाबलं की कोटेशन बाहेर. टाळ्या वाजवा. मग ठेवणीतला प्रश्न काढा: “ईआरपीला जोडता येतं ना?” उत्तर येईल, “हो सर, एपीआय आहे.”

इथे थांबा. पुढचे प्रश्न विचारायचे नसतात. माहिती कुठून कुठे जाणार? केव्हा जाणार? दोन्हीकडे वेगळा आकडा असला तर खरा कुठला धरायचा? तिसरा प्रश्न फार घातक आहे. करार होण्याआधी तो विचारलात तर करारच होणार नाही, आणि मग तुम्ही प्रमुख कशाचे?

विक्रेता ‘रेडी कनेक्टर’ देऊ करेल. जरूर घ्या. तो ईआरपीच्या मूळ आवृत्तीसाठी बनवलेला असतो आणि तुमची ईआरपी मूळ राहिलेली नाही. कोणीतरी तिच्यात भरपूर फेरफार केले, कागदावर काही ठेवलं नाही आणि आता तो गृहस्थ कॅनडात असतो. तुम्ही लिंक्डइनवर त्याला विचारता, तो अंगठ्याचं चिन्ह पाठवतो.

बैठकीत कोणी विचारलंच की हे पूर्वी कुठे जमलंय का, तर दाखला हाताशी ठेवा. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी व्हॅक्स संगणक विकत असे. सेल्सवाले ऑर्डर लिहीत आणि त्यात कधी केबल राहून जाई, कधी एखादा भाग दुसऱ्याला बसत नसे. १९७८ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी ऑर्डर तपासून पूर्ण करणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एक्सकॉन या नावाने तो गाजला आणि त्याने कंपनीचे पैसेही वाचवले. मात्र प्रत्येक नव्या उत्पादनाबरोबर नियम वाढत गेले, हजारांच्या घरात पोचले आणि ते नियम सांभाळणं हेच एक वेगळं खातं होऊन बसलं. बैठकीत यातला पहिला अर्धा भाग सांगा.

पायरी २: आयटम कोडला हात लावू नका

तुमच्या कारखान्यात एकाच पंपाला तीन ओळखी आहेत. सेल्सच्या कॅटलॉगमधला मॉडेल नंबर, ईआरपीतला आयटम कोड आणि डिझाइनवाल्यांचा ड्रॉइंग नंबर. तिघांचं नातं फक्त स्टोअर्समधल्या काकांना माहीत आहे आणि काका येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांना बैठकीला बोलवू नका. ते आले तर कामाला लागावं लागेल.

ईआरपी उघडून ‘सील’ एवढंच शोधून बघा. ‘मेक सील ३५’, ‘मेकॅनिकल सील ३५ एमएम’, ‘सील मेक. ३५ (जुना)’ आणि ‘सील ३५ वापरू नये’. चारही एकच वस्तू आहे. स्टॉक चौथ्यात आहे.

हे सगळं साफ करायला हवं, असं एखादा नवखा इंजिनिअर म्हणेल. त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि सांगा, “फेज टू मध्ये घेऊ.” आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार हे खरं, पण तुमच्या प्रकल्पाचं बजेट पोहऱ्याचं आहे.

आता पर्यायांचा हिशोब. केसिंगला पाच धातू, इम्पेलरचे चार व्यास, सीलचे तीन प्रकार, सहा मोटर आणि बेसफ्रेमसह किंवा त्याशिवाय असे दोन. पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे ७२० पंप. तेही एकाच मॉडेलचे. प्रत्येकाचा कोड आणि बीओएम आधीच बनवायचा, की ऑर्डर आल्यावर नियमांनी बनवायचा? जाणकार दुसरा मार्ग सांगतील. तुम्ही तिसरा घ्या: प्रत्येक कोटेशनबरोबर ईआरपीत नवा कोड आपोआप तयार होऊ द्या. बहुतेक कोटेशनची ऑर्डर होतच नाही. वर्षभरात तुमच्या आयटम मास्टरमध्ये कोणीही न घेतलेले, कधीही न बनलेले हजारो पंप जमा होतील. वार्षिक सादरीकरणात त्याला ‘उत्पादनश्रेणीत भरीव वाढ’ म्हणावं.

कोडची ने-आण एक्सेलमधूनच करा. कोडच्या आधीची शून्यं एक्सेल स्वतःहून पुसतं आणि ‘मार्च’ची आठवण करून देणाऱ्या कोडची थेट तारीख करून टाकतं. मन खट्टू करू नका. शास्त्रज्ञांच्या जनुकांच्या नावांचंही एक्सेल असंच करत असे. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने अशा काही मानवी जनुकांची नावं बदलली. एक्सेलपुढे जनुकांनी माघार घेतली, तिथे तुमच्या गास्केटची काय कथा!

पायरी ३: आकडा पाठवा, एकक पाठवू नका

सीपीक्यूमध्ये मोटरच्या रकान्यात ७.५ लिहिलेलं आहे. ईआरपीतही मोटरच्या रकान्यात ७.५ आहे. मॅपिंग झालं, हिरवी खूण आली.

आता जरा जवळून बघा. सेल्सचा ७.५ हा हॉर्सपॉवर आहे आणि ईआरपीचा ७.५ किलोवॅट. ७.५ हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ५.५ किलोवॅट, तर ७.५ किलोवॅटची मोटर म्हणजे १० हॉर्सपॉवर. गंमत अशी की दोन्ही मोटर बाजारात सहज मिळतात, दोन्ही तुमच्या मास्टरमध्ये आहेत. त्यामुळे सॉफ्टवेअरला शंका येण्याचं कारणच नाही. भाव लहान मोटरचा लागतो आणि पंपावर मोठी चढते. मॅपिंग उलट्या दिशेचं असेल तर मोठीचे पैसे घेऊन लहान बसवली जाते आणि गिऱ्हाईकाकडे ती ट्रिप होत राहते. पहिल्या प्रकारात गिऱ्हाईक गप्प बसतं. दुसऱ्यात सर्व्हिस इंजिनिअरला बॅग भरावी लागते.

बारस्टॉकचंही असंच करा. शॉपवर कोणालाही विचारा, गोल बारचं वजन तोंडपाठ असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. ५० एमएमचा बार म्हणजे मीटरला १५.४३ किलो. डिझाइनवाले बीओएममध्ये शाफ्टला मीटर लिहितात, पर्चेस किलोने घेतं, स्टोअर्स नगावर देतं. बीओएममध्ये २ आहे, ते दोन मीटर. ईआरपीने ते दोन किलो वाचले आणि काकांनी इमानदारीत दोन किलो कापून दिले. जेमतेम तेरा सेंटिमीटर. त्याचा शाफ्ट होत नाही, पेपरवेट मात्र छान होतो. तो तुमच्याच टेबलावर ठेवा.

साहेब चिडले तर नासाचं नाव घ्या. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाशी पोचताना हरपलं, कारण एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडातले आकडे देत होतं आणि दुसरं ते न्यूटनमधले समजत होतं. इतक्या मोठ्या संगतीत चूक केल्यावर माणसाला कमीपणा वाटत नाही.

पायरी ४: किमतीत प्रत्येकाचा हातचा राहू द्या

ईआरपीतली कॉस्ट एप्रिलमध्ये ठरलेली आहे. त्यानंतर कास्टिंगचा भाव वाढला, तांब्याचा वाढला, ट्रान्सपोर्टचा वाढला. कॉस्ट मात्र जागची न हलता एप्रिलातच उभी आहे. सेल्सला हे माहीत आहे, म्हणून त्यांची स्वतःची एक शीट आहे. कॉस्टिंगला त्या शीटबद्दल माहीत आहे, म्हणून ते आपल्या आकड्यात आधीच थोडं घालून देतात. यालाच विभागांमधला विश्वास म्हणतात.

हिशोब पुरता मांडू. पंपाची खरी कॉस्ट १०० रुपये. डिझाइन म्हणतं, असू द्यावेत ५ टक्के. पर्चेस म्हणतं, भाव वाढलाच तर, म्हणून ८ टक्के. कॉस्टिंग म्हणतं, आमच्यावर नको, १० टक्के. सेल्स म्हणतं, गिऱ्हाईक घासाघीस करणार, १५ टक्के. एकावर एक चढत किंमत १४३ रुपये ४५ पैसे होते. मग गिऱ्हाईक खरंच घासाघीस करतं. इतका मोठा आकडा पाहून सेल्सला वाटतं, आत पुष्कळ आहे, आणि ते दिलदारपणे ३५ टक्के सूट देतात. विक्री ९३ रुपये २४ पैशांना होते. चार जणांनी काळजी घेतली म्हणून तोटा सात रुपयांच्या आत राहिला.

दोन्ही सॉफ्टवेअर नीट जोडली तर हे सगळे हातचे एका पडद्यावर एकाखाली एक दिसू लागतील. ते कोणालाच नको आहे. म्हणून कॉस्टचा रकाना सिंकमधून वगळा आणि कारण लिहा: ‘गोपनीयता’.

सूट मंजुरीची साखळी मात्र थाटात बसवा. १० टक्क्यांपर्यंत एरिया मॅनेजर, १५ पर्यंत सेल्स हेड, त्यापुढे मोठे साहेब. दुसऱ्या दिवसापासून सगळी कोटेशन ९.९ टक्क्यांवर येतील. उरलेली सूट ‘स्पेअर्स मोफत’, ‘भाडं आमच्याकडे’ आणि ‘इतर’ या रकान्यांतून जाईल. ‘इतर’ कुठल्याच नियमात बसत नाही, त्यामुळे तो रकाना कधीच काढू नका. आणि मोठ्या साहेबांची मंजुरी सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. ती व्हॉट्सॲपवर येते: “दे रे.”

पायरी ५: डिलिव्हरी ‘४ ते ६ आठवडे’ अशी कोरून ठेवा

जोडणीचा मुख्य फायदा म्हणून विक्रेता सांगेल की कोटेशन देतानाच सॉफ्टवेअर ईआरपीला विचारून खरी तारीख सांगेल: स्टॉकमध्ये काय आहे, फाउंड्री कास्टिंग कधी देणार, मशीन कधी मोकळं आहे. हे एकदा करून बघा. सॉफ्टवेअर म्हणेल, अकरा आठवडे.

सेल्स हेड खुर्चीतून उठतील. “अकरा लिहिलं तर ऑर्डर जाईल!” बरोबर आहे. चार लिहिलं तर ऑर्डर येते आणि अकराव्या आठवड्याला माल जातो. मधले सात आठवडे गिऱ्हाईकाच्या फोनचे. “कालच पेंट झाला साहेब, आता टेस्टिंगला आहे.” खरं तर तेव्हा कास्टिंग फाउंड्रीतच असतं. ही परंपरा एका एपीआयसाठी मोडायची नाही. रकान्यात ‘४ ते ६ आठवडे, पीओ आणि ॲडव्हान्स मिळाल्यापासून’ असं पक्कं बसवा आणि त्यात कोणाला बदल करू देऊ नका.

पायरी ६: एका गिऱ्हाईकाची तीन खाती करा

एकाच कंपनीची नोंद तीन वेळा असणं हा दोष नाही, सोय आहे. एकदा ‘प्रा. लि.’, एकदा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि एकदा स्पेलिंग चुकवून. ईआरपी उधारीची मर्यादा खात्यावर लावते. पहिल्या खात्याची संपली की सेल्सवाला दुसऱ्यावर ऑर्डर घालतो. जोडणीत ‘नाव जुळलं नाही तर नवीन खातं तयार करा’ ही खूण करून ठेवा, म्हणजे चौथंही वेळेवर तयार असेल. वसुलीचं काय, ते अकाउंट्सच्या ताईंना विचारा. त्यांना सवय आहे.

जीएसटीचीही मजा घ्या. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकचे २९. गिऱ्हाईकाचं मुख्य ऑफिस पुण्यात आणि कारखाना कर्नाटकात असेल तर दोन्हीकडचे नंबर वेगळे. कोटेशन पुण्याच्या नंबरवर बनू द्या. ९ अधिक ९ असा कर लागेल. पीओ कर्नाटकच्या नंबरवरून येईल आणि तिथे हवा असेल १८ टक्के आयजीएसटी. बेरीज सारखीच येते, त्यामुळे तपासताना कोणाच्याही लक्षात येत नाही. लक्षात येतं ते ई-इन्व्हॉइस निघाल्यावर. पोर्टलवर ती रद्द करायला २४ तास मिळतात आणि चूक साधारण पंचविसाव्या तासाला सापडते. पुढे क्रेडिट नोट, नवं बिल आणि गेटवर भरून उभा असलेला ट्रक. ड्रायव्हरला चहा पाजा.

पायरी ७: सगळ्या रिव्हिजन पाठवा

गिऱ्हाईकाने सात वेळा बदल सांगितले, म्हणून कोटेशनच्या सात रिव्हिजन झाल्या. पीओमध्ये त्यांच्या पर्चेसने चौथीचा संदर्भ दिला, कारण पाचवीपासूनच्या मेल त्यांच्या स्पॅममध्ये आहेत. ईआरपीत पहिली आहे, कारण त्या दिवशी सिंक चालू होतं. प्रॉडक्शन सहावीप्रमाणे बनवतंय, कारण सेल्सवाल्याने शॉपवर जाऊन तोंडी सांगितलं.

ऑर्डर पक्की झाल्यावर एकच रिव्हिजन गोठवायची आणि तेवढीच ईआरपीला पाठवायची, असा एक साधा नियम आहे. तो नियम केलात तर पंप नेमका कोणता हे सगळ्यांना एकाच वेळी कळेल आणि डिस्पॅचच्या आदल्या रात्रीची धावपळ संपेल. त्या धावपळीत कंपनीची एकजूट दिसते, तिच्यावर घाला घालू नका.

पायरी ८: टेस्टिंग एकाच पंपावर उरका

टेस्टिंगसाठी असा पंप घ्या जो स्टॉकमध्ये आहे, ज्याला पर्याय नाहीत, जो पुण्यातल्याच गिऱ्हाईकाला विनासूट, रोखीने विकला जातोय. असा व्यवहार तुमच्या कंपनीत कधी झालेला नाही, म्हणून तो निर्विघ्न पार पडतो. फोटो काढा. यूएटीच्या, म्हणजे ‘वापरून पाहिलं, चालतंय’ असं सांगणाऱ्या कागदावर सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या घ्या, तेही शुक्रवारी संध्याकाळी. शुक्रवारी संध्याकाळी माणूस कशावरही सही करतो.

पीओ रद्द झाला तर काय, अर्धा माल गेला तर काय, नेट बंद पडलं तर काय, एकच ऑर्डर दोनदा गेली तर काय, हे प्रश्न ‘एज केस’ म्हणून बाजूला ठेवा. तुमच्या कारखान्यात रोज तेच होतं, पण यादीला नाव चांगलं आहे.

चुका झाल्या की मेल जायला हवी. ती जाईल. तिच्यासाठी पत्ता त्याच कॅनडातल्या गृहस्थाचा टाका.

पायरी ९: मुहूर्त गर्दीचा निवडा

गो-लाइव्हला मार्चअखेरइतका चांगला काळ नाही. अकाउंट्स जागं असतं, स्टोअर्स स्टॉक मोजत असतं आणि सेल्स वर्षभराचं टार्गेट आठवड्यात भरत असतं. नारळ फोडा, पेढे वाटा, धाकट्या साहेबांना बटण दाबू द्या. गंगेत घोडं न्हालं असं जाहीर करा. घोडं बाहेर आलं की नाही, ते तिमाहीनंतर बघू.

जगात मोठमोठ्यांनी हेच केलंय. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ च्या उन्हाळ्यात ऑर्डर, गोदाम आणि हिशोबाच्या नव्या यंत्रणा एकदम सुरू केल्या. खर्च होता सुमारे ११.२ कोटी डॉलर. हॅलोविनचा सीझन तोंडावर आला, गोदामात माल होता, दुकानांना हवा होता, पण ऑर्डर मालापर्यंत पोचेनात. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डर वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत. तुमचे पंप निदान वितळत नाहीत.

पायरी १०: ताईला परत बोलवा, पण नाव बदलून

गो-लाइव्हनंतर लवकरच पहिली ऑर्डर दोन्ही सॉफ्टवेअरच्या मधे कुठेतरी अडकेल. पडद्यावर ‘सिंक होतंय’ असं येईल आणि ते तसंच राहील. गिऱ्हाईकाचा फोन येईल. सेल्सवाला आजूबाजूला बघेल आणि हळूच ताईच्या टेबलाशी जाईल.

संध्याकाळी सहानंतर ताईकडे जरूर एकदा बघा. डावीकडच्या पडद्यावर कोटेशन, उजवीकडे ईआरपी, मधे छापलेला पीओ. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी ठेवून ती एकेक ओळ खाली सरकवते. हॉर्सपॉवर दिसलं की किलोवॅट करते, मीटर दिसले की १६२ च्या सूत्राने किलो करते, ‘इतर’ दिसलं की सेल्सला फोन लावून “दादा, हे नक्की काय आहे?” असं विचारते आणि उत्तर पेन्सिलीने समासात लिहून ठेवते. शेवटच्या ओळीला ती पट्टी उलटी करते, म्हणजे ही ऑर्डर झाली. तुमच्या कंपनीतलं एकमेव चालू इंटिग्रेशन ते आहे.

कागदोपत्री तिला ‘डेटा क्वालिटी एक्झिक्युटिव्ह’ करा. पगार तोच. प्रकल्पाच्या अहवालात लिहा: ‘ऑर्डरचा प्रवाह शंभर टक्के डिजिटल, मानवी देखरेखीसह.’

संकटकाळी बोलायची तयार वाक्यं

आढावा बैठकीत अडचण आली तर यातलं एक वापरा. एकच वाक्य लागोपाठच्या दोन बैठकांत नको.

“आमच्या बाजूने डेटा गेलाय, त्यांच्या बाजूने बघायला हवं.”

“हा सॉफ्टवेअरचा नाही, मास्टर डेटाचा प्रश्न आहे.” (हे खरं आहे, म्हणून आवाज थोडा खाली ठेवा.)

“यूएटीत सगळ्यांनी सही केली होती.”

“फेज टू.”

एक धोक्याची सूचना

कधीकधी एखाद्या कंपनीत भलतंच घडतं. डिझाइन, कॉस्टिंग, स्टोअर्स आणि सेल्स यांची चार माणसं एका खोलीत बसतात. काकांना बोलावलं जातं, ताईची पेन्सिलीची टिपणं टेबलावर येतात. पंपाचं एकच मॉडेल घेऊन एक कोड, एक एकक ठरतं. कॉस्ट कोण आणि कधी बदलणार, सूट कोण देणार, दोन आकडे वेगळे आले तर कोणाचा धरायचा, हे एका पानावर लिहिलं जातं आणि खाली मोठे साहेब सही करतात, व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर. मग त्या एका मॉडेलची फक्त पक्की झालेली ऑर्डर ईआरपीत पाठवायला सुरुवात होते. ती नीट गेली की दुसरं मॉडेल.

तुमच्या कंपनीत अशी लक्षणं दिसली तर सावध व्हा. प्रोग्रॅमरचं काम पटकन आटोपतं, फेज टूची गरज उरत नाही आणि प्रकल्पप्रमुखाचं पद रिकामं होतं.

निवड तुमची आहे. दोन सॉफ्टवेअर जोडायला फार दिवस लागत नाहीत. दिवस लागतात ते किंमत नक्की कोण ठरवतं आणि तारीख कोण पाळतं, हे चार माणसांनी एकमेकांसमोर कबूल करायला. ते एक पान लिहिण्याची तयारी असेल तर ही मार्गदर्शिका फेकून द्या. नसेल तर जपून ठेवा. पुढच्या प्रदर्शनाला धाकटे साहेब पुन्हा जाणार आहेत.